कुलूप काढा, सारांश मागू नका : आठवी-नववीच्या मुलांना वाचतं करण्याचं एक वर्ष

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका मराठी शाळेत मी मराठी शिकवते. पटसंख्या घटली की पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद जातं आणि ग्रंथालयाचा चार्ज एखाद्या भाषाशिक्षकाच्या गळ्यात पडतो. तसा तो माझ्या गळ्यात पडला. किल्ल्यांचा जुडगा, आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी दाखल नोंदवही आणि तीन लोखंडी कपाटं. चार्ज देणाऱ्या बाई अभिमानानं म्हणाल्या, "बारा वर्षांत एक पुस्तक गहाळ झालेलं नाही." मीही पुढची दोन वर्षं तो विक्रम इमानेइतबारे सांभाळला. पुस्तकं गहाळ होत नव्हती, कारण ती कपाटाबाहेर जातच नव्हती, हे डोक्यात शिरायला मला तेवढा वेळ लागला.

त्यानंतर काय काय केलं, काय फसलं आणि काय टिकलं, ते शाळेच्या वर्षाच्या क्रमानं लिहिते आहे. डोळ्यांपुढे आठवी-नववीचा पन्नास-बावन्न मुलांचा वर्ग आहे. पस्तीस मिनिटांची तासिका, अंगावर अभ्यासक्रम आणि हाताशी पैसे जवळजवळ नाहीत. सगळ्या खटाटोपात दोनच गोष्टी सोडायच्या नाहीत : पुस्तक मुलाच्या हाताला लागेल असं ठेवायचं, आणि वाचल्याचा पुरावा मागायचा नाही. पहिली गोष्ट थोड्या कष्टानं जमते. दुसरी आम्हा शिक्षकांना फार जड जाते.

जून : कोण कुठे आहे ते आधी बघा

पहिल्या आठवड्यात वाचनाचं महत्त्व सांगणारं भाषण करू नका. मुलांनी ते पाचवीपासून ऐकलंय, त्यावर निबंध लिहून गुणही मिळवलेत. त्यापेक्षा अर्धा अर्धा कागद वाटा आणि तीन प्रश्न फळ्यावर लिहा. पाठ्यपुस्तक सोडून शेवटचं काय वाचलं? कुठलं पुस्तक अर्ध्यात टाकलं? मोबाइलवर काय बघत बसायला आवडतं? नाव लिहायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पहिल्या प्रश्नाची उत्तरं बरीचशी खोटी येतात, मुलं आपल्याला बरं वाटेल असं लिहितात. दुसऱ्याला निम्मे कागद कोरे. तिसऱ्याला मात्र भरभरून उत्तरं : भुताचे व्हिडिओ, किल्ले, क्रिकेट, बाइक, गुन्हेगारीच्या सत्यकथा, मेकअप, साप पकडणारे लोक. हे कागद जपून ठेवा. तुमची खरेदीची यादी त्यातच आहे.

याच पंधरवड्यात प्रत्येक मुलाला एकेकट्याला दोन मिनिटं वाचायला लावा. एकेकट्यालाच, वर्गासमोर नाही. मी मुलं चित्रकलेच्या तासाला असताना व्हरांड्यात खुर्ची टाकून बसते आणि एकेकाला बोलावते. आधी पाचवीच्या पातळीचा परिच्छेद द्यायचा, तिथे अडलं तर दुसरीच्या पातळीचा. 'असर' या देशभरातल्या शिक्षणविषयक सर्वेक्षणात मुलांची वाचनपातळी बघायला असेच छोटे उतारे वापरतात, दुसरीच्या पातळीची गोष्ट ही त्यातली सर्वांत वरची पायरी. नववीतला मुलगा त्या पायरीवर अडखळतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. पण दर वर्षी चार-सहा मुलं अशी निघतातच आणि बहुतेकांनी ते चार-पाच वर्षं सफाईनं लपवलेलं असतं. त्यांची नावं आपल्या डायरीत ठेवा, स्टाफरूममध्ये बोलू नका. त्यांच्याकडे पुढे वळू.

कपाट उपसा

एक शनिवार मोकळा काढा, चार मुलं आणि शिपाईमामांना हाताशी घ्या आणि सगळी पुस्तकं खाली काढा. धुळीसाठी रुमाल लागतील. तीन ढीग करायचे. पहिला, तेरा-पंधरा वर्षांचं मूल स्वतःहून उचलेल अशा पुस्तकांचा. दुसरा, शिक्षकांच्या संदर्भाच्या पुस्तकांचा. तिसरा, वाळवी लागलेल्या, पानं चिकटलेल्या, कालबाह्य झालेल्या पुस्तकांचा : जुने अपेक्षित प्रश्नसंच, वीस वर्षांपूर्वीची सामान्यज्ञानाची पुस्तकं, एकाच चरित्राच्या सव्वीस प्रती. आमच्या हजारभर पुस्तकांतून पहिल्या ढिगात दोनशेही आली नाहीत. त्या दिवशी मला मुलांचा राग येणं थांबलं.

तिसरा ढीग परस्पर रद्दीत टाकू नका, ते अंगाशी येतं. दाखल क्रमांकासह यादी करा, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, शाळा समितीपुढे ठेवा आणि मगच निर्लेखन करून, म्हणजे पुस्तकं रीतसर साठ्यातून कमी करून, नोंदवहीत शेरा मारा. जुनी, पहिल्या आवृत्तीची वाटणारी प्रत दिसली तर बाजूला ठेवून एखाद्या जाणत्या ग्रंथालयाला विचारा. ठाण्यात तर मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, विचारायला लांब जावं लागत नाही.

पहिला ढीग परत कपाटात ठेवायचा नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरासाठी असतात असं सांगतो. वाचायला बाळबोध वाटतो. पण युरोपात एके काळी पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवत, हे कळलं की तो सांगावा का लागला ते उमगतं. आमच्याकडे साखळीच्या जागी कुलूप आहे, एवढाच फरक.

आम्ही भाजीवाल्यांकडे असतात तसे प्लास्टिकचे क्रेट घेतले, वर्गाला एक. त्यात साठ पुस्तकं. आकडा मुद्दाम मुलांहून मोठा ठेवायचा, म्हणजे सगळ्यांत शेवटी येणाऱ्यालाही निवड उरते. पुस्तकाचा कणा नाही, मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. पातळ पुस्तकं आम्ही मागच्या भिंतीवर दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवतो. क्रेट दाराजवळ, मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. महिन्यानं 'अ' आणि 'ब' तुकडीचे क्रेट अदलाबदल करायचे, की पेटी नवी होते.

पेटीत काय असावं

निम्मी पुस्तकं शंभर-सव्वाशे पानांच्या आतली हवीत. आयुष्यात एकही पुस्तक पुरं न केलेल्या मुलाला 'मी संपवलं' म्हणण्याचा अनुभव आधी हवा असतो. टाइप मोठा, ओळींत मोकळी जागा, प्रकरणं छोटी. कथासंग्रह कादंबरीपेक्षा बरा पडतो, मध्येच सोडला तरी काही बिघडत नाही.

नावं द्यायला मी जरा कचरते, कारण दर वर्गाची भूक वेगळी. तरी माझा अनुभव सांगते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवीच्या सुरुवातीला अजून चालतो, नववीत तो 'लहान मुलांचा' ठरतो. नारायण धारपांच्या भयकथा क्रेटमध्ये टिकत नाहीत, एकाकडून दुसऱ्याकडे परस्पर जातात. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा विज्ञानाच्या सरांनी वर्गात नुसत्या उल्लेखल्या तरी मागणी येते, मी सुचवल्या तर येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' वानरांच्या टोळ्यांमधल्या झुंजीबद्दल आहे. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारी, गच्चीवर माकडं बघत वाढलेली आमची मुलं ते ज्या हक्कानं वाचतात, त्याला तोड नाही. पुस्तक छोटं आहे, हाही त्याचा गुण. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आठवड्याला एक गोष्ट छापून चिमट्याला लावली तर खर्च दोन-चार रुपयांचा.

आणि हो, विनोदाची, विक्रमांची, कोड्यांची पुस्तकंही ठेवा. क्रिकेटपटूंची चरित्रं ठेवा. 'हे काय वाचन आहे?' असं सहकारी विचारतील. ज्या मुलाचा हात आजवर पुस्तकाकडे गेलाच नाही, त्याचा हात कशासाठीही गेला तरी मला चालतो.

पैसा कुठून आणायचा? नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात. दिवाळी अंकांची आपली परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, आणि डिसेंबरनंतर घरोघरी ते अंक रद्दीची वाट बघत पडलेले असतात. नौपाड्यातल्या दोन सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर चिठ्ठी लावून आम्ही एका रविवारी रिक्षा भरून अंक आणले. मोठ्यांच्या अंकांतले चार-पाच लेख तरी मुलांच्या कामाचे निघतात, ते फाडून नीट टाचायचे आणि पुठ्ठा लावायचा. पुस्तकदानाचं आवाहन मात्र जपून करा. 'पुस्तकं द्या' एवढंच म्हटलंत तर इंजिनिअरिंगची गाइडं आणि विश्वकोशाचा तेवढा सातवा खंड येतो. कोणत्या वयासाठी, कशी आणि कशी नकोत, हे चिठ्ठीतच लिहा.

हाती दोन हजार रुपये आले तर स्वतः खरेदी करू नका. चार मुलं निवडा. त्यातली दोन मुळीच न वाचणारी हवीत. त्यांना पुस्तक प्रदर्शनात न्या, पैसे त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर चहा प्या. पहिल्या वर्षी मुलांनी आणलेल्या चौदा पुस्तकांतली पाच मला अजिबात आवडली नाहीत. सगळ्यांत जास्त फिरली ती तीच पाच.

जुलै : मोठ्यानं वाचून दाखवणं

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. नववीतल्या मुलांना कोणी वाचून दाखवत नाही. बालवाडीनंतर तो प्रकार बंदच होतो. आणि ज्यांच्या घरी आईबाप दोघं कामाला, त्यांना तर कधीच कोणी वाचून दाखवलेलं नसतं. ज्याला अक्षरांशीच झटापट करावी लागते त्याला गोष्टीचा रस असा कानावाटेच पहिल्यांदा मिळतो.

मी आठवड्यातून तीनदा, तासाची शेवटची दहा मिनिटं घेते. सुरुवातीची नाही. सुरुवातीला वाचलं तर 'आता बास, पुस्तकं काढा' म्हणावं लागतं आणि गोष्टीची गोडी जाते. शेवटी वाचलं की घंटा वाचन तोडते आणि मुलं घंटेवर चिडतात. चिडू द्या.

तयारी लागते. आदल्या रात्री तेवढा भाग मोठ्यानं एकदा वाचून बघा. कुठे थांबायचं ते पेन्सिलीनं खूण करा आणि थांबायची जागा दार उघडण्याच्या आधीची ठेवा, दार उघडल्यानंतरची नको. लांबलचक वर्णनं खुशाल गाळा, लेखक रागवत नाही. वेग आपल्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा किंचित कमी. पात्रांचे आवाज काढता येत असतील तर काढा, नसतील तर साधं वाचा. नाटकी वाचन पंधरा वर्षांच्या मुलांना लाजवतं आणि मग ती मागच्या बाकावर खिदळतात. पहिल्या दोन-तीन वेळा खिदळतीलच. पुस्तकातून डोकं वर काढू नका, वाचत राहा.

कठीण शब्द लागला तर अर्थ सांगायला थांबू नका. फारच अडतंय वाटलं तर वाचता वाचता पर्यायी शब्द घालून पुढे जा. आणि वाचून झाल्यावर प्रश्न नाही, तात्पर्य नाही, 'यातून आपण काय शिकलो' तर मुळीच नाही. हे पाळणं मला अजून अवघड जातं. शिक्षकाच्या जिभेला तात्पर्याची खाज असते.

वाचलेलं पुस्तक टेबलावर तसंच ठेवून स्टाफरूममध्ये जायचं. मधल्या सुट्टीत कोणीतरी पुढची पानं चाळतोच. दुसऱ्या दिवशी 'बाई, तो मरत नाही' असं वर्गाला आधीच सांगणारा एक निघतो. त्याला ओरडू नका. तो तुमचा पहिला वाचक आहे.

श्रावणात आमच्याकडे मोठी अडचण होते. ठाण्याच्या दहीहंड्यांची कीर्ती तुम्हाला ठाऊक आहे. गोविंदा पथकांचा सराव रात्री उशिरापर्यंत चालतो आणि वर्गातली निम्मी पोरं पेंगत असतात. त्या तीन आठवड्यांत लांबलेली कादंबरी हाती घेऊ नका, दहा मिनिटांत संपणाऱ्या कथा घ्या. भुताच्या घेतल्या तर पेंगणारेही जागे राहतात.

ऑगस्टपासून : वीस मिनिटं गप्प

शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हाची वीस मिनिटं ठरवून टाका. दर शनिवारी, त्याच वेळी. पहिल्या शनिवारी दहा मिनिटंच ठेवा आणि हळूहळू वाढवा. नियम मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते :

काहीही वाचा, पाठ्यपुस्तक आणि गाइड सोडून.
वीस पानांत मजा आली नाही तर पुस्तक बदला, कारण कोणी विचारणार नाही.
दोघांनी मिळून एक पुस्तक वाचलं तरी चालेल.
बाईसुद्धा वाचतील.

चौथ्या नियमावर सगळं उभं आहे. मी त्या वेळात वह्या तपासल्या की पाच मिनिटांत वर्ग उठतो. मी खरंच वाचत बसले, मध्ये एकदा हसले, की दोन-तीन डोकी वर होतात, 'बाई काय वाचतायत' म्हणून. पुस्तक उलटं धरून बसणारा, चित्रंच बघणारा, खिडकीबाहेर बघणारा असे सगळे असणार. आवाज करत नाही तोवर त्यांना सोडून द्या. माझ्या एका वर्गातला मुलगा सप्टेंबरपर्यंत एकच क्रिकेटचं पुस्तक हातात घेऊन बसायचा, पान तेच. ऑक्टोबरात ते पान उलटलं.

शनिवार मिळत नसेल तर बदली तासांवर डोळा ठेवा. कोणी रजेवर गेलं की ऑफ तासाला जाणारा शिक्षक वैतागलेला असतो आणि मुलं उधळलेली असतात. वर्गात क्रेट असला तर 'वाचा गप्प' एवढं सांगून त्याचंही काम भागतं. आमच्या गणिताच्या सरांना ही युक्ती माझ्यापेक्षा जास्त आवडली आहे.

देवघेव मुलांच्या हातात

वर्गातून दोन मुलं निवडा, दर महिन्याला बदला. एक शंभरपानी वही, चार रकाने : तारीख, दाखल क्रमांक, हजेरी क्रमांक, परत. पुस्तकाचं नाव लिहायला लावू नका, वेळ जातो आणि रांग लागते. मधल्या सुट्टीची पाच मिनिटं पुरतात. मुदत पंधरा दिवस, दंड नाही. दंड लावला की गरीब मूल पुस्तक नेणंच बंद करतं, हे मी बघितलं आहे.

पुस्तकं हरवतील. वर्षाला क्रेटमागे पाच-सहा जातात. मुख्याध्यापकांशी हे जूनमध्येच बोलून घ्या, नाहीतर मार्चच्या साठा पडताळणीत तुमच्या पगारातून भरपाईची भाषा सुरू होते. एवढी घट धरून चालू, असं लेखी मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर पेटीत दान आलेली, दाखल न केलेली पुस्तकं जास्त ठेवा. आडवाट आहे, पण निभते.

सारांश-वहीचं काय झालं

पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं 'वाचन नोंदवही' काढली होती. पुस्तकाचं नाव, लेखक, सारांश, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध. चार महिन्यांत वह्या गच्च भरल्या. मग लक्षात आलं की अकरा मुलींचा सारांश शब्दशः एकच आहे आणि तो पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेला आहे. ज्यांनी खरंच वाचलं होतं, त्यातल्या एकीनं मला सांगितलं, "बाई, मी आता छोटीच पुस्तकं घेते. मोठ्याचा सारांश मोठा लिहावा लागतो." त्या दिवशी वह्या बंद केल्या.

मग बोलायचं कसं? पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक कोरा कागद चिकटवा. वाचणाऱ्याला वाटलं तर एक ओळ लिहावी, सही नको. 'पान ४२ रात्री वाचू नका.' 'सुरुवात बोर आहे, नंतर भारी.' 'हे माझ्या ताईला दिलं, ती परत देत नाहीये.' मुलं पुस्तक उचलताना मलपृष्ठ बघत नाहीत, हा कागद बघतात.

महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं पुस्तकगप्पा. प्रश्न एकच : हे पुस्तक वर्गात कुणाला द्यावंसं वाटतं आणि का? उत्तर देताना मुलाला पुस्तकाबद्दल आणि मित्राबद्दल दोन्ही बोलावं लागतं, आणि ज्याला पुस्तक मिळतं त्याला नाही म्हणता येत नाही. 'वाईट होतं' म्हणणाऱ्याचंही ऐका. का वाईट, हे तो नेमकेपणानं सांगत असेल तर त्यानं ते नीट वाचलेलं आहे.

अडखळत वाचणारी ती चार-सहा

डायरीतली नावं काढा. ही मुलं जोडाक्षरावर, रफारावर थबकतात. एकेक शब्द जोडत वाक्याच्या टोकाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. सगळी शक्ती अक्षर ओळखण्यात खर्च होते, अर्थासाठी काही उरत नाही. गोष्ट कितीही रंजक असली तरी त्यांना ती पोचत नाही. त्यांना 'गोडी' लावण्याआधी सराव हवा, आणि तो अपमान न होता हवा.

त्यांना सोपी पुस्तकं दिली तर वर्ग हसतो. म्हणून एक वळसा घ्यायचा. आमच्याच आवारात प्राथमिक शाळा भरते. या मुलांना मी 'पहिलीच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवायचं काम' देते, दर शुक्रवारी. सोबत एक-दोन चांगले वाचणारेही असतात, म्हणजे कुणाला शंका येत नाही. आता सोपं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक हातात असायला सबळ कारण आहे, आणि शुक्रवारी फजिती होऊ नये म्हणून तीच गोष्ट आठवडाभर चार-पाचदा वाचावी लागते. असं पुन्हा पुन्हा वाचण्यानंच वाचन सुधारतं. पहिलीतली पोरं टीका करत नाहीत, मांडीवर येऊन बसतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, मोफत छापून घेता येतात.

घरी मालवणी, अहिराणी, हिंदी किंवा तेलुगू बोलणारी मुलंही या गटात येतात. त्यांचा प्रश्न कधी कधी वाचनाचा नसतोच, पुस्तकी मराठीच्या अनोळखीपणाचा असतो. त्यांच्यासाठी संवाद जास्त असलेल्या गोष्टी निवडा. घोडबंदर रोडच्या इंग्रजी शाळांमधल्या मैत्रिणी सांगतात की त्यांच्याकडे तर घरी मराठी बोलणारी मुलंही देवनागरी वाचताना दमतात. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी आली, पण विषय म्हणून. तिथेही मोठ्यानं वाचून दाखवण्यापासूनच सुरुवात करा, पुस्तक हातात देण्यापासून नको.

ऑक्टोबर

१५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो. २०१५ पासून आपण तो साजरा करतो. फोटो, हार, फलक, अहवाल हे सगळं करावं लागतं, करा. पण त्या दिवशीचं सामूहिक वाचन वर्षातलं एकमेव ठरत असेल तर त्याचा उपयोग फोटोपुरताच.

त्या आठवड्यात मी वीस मुलांना घेऊन शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाते. सगळा वर्ग नेऊ नका, गोंधळ होतो आणि ग्रंथालयवाले पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. आधी एकट्यानं जाऊन बोला : बालविभाग आहे का, वेळ काय, अनामत आणि वर्गणी किती, शाळेचं ओळखपत्र चालेल का. मुलांना एक काम द्या : आपल्या आवडीच्या विषयाचं एक पुस्तक शोधून त्याची जागा चिठ्ठीवर लिहून आणायची. बाहेर पडल्यावर तलावपाळीला भेळ. भेळ वगळू नका, पुढच्या सहलीची नोंदणी त्यावर अवलंबून असते.

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाला दोन पुस्तकं घरी.

पालकांशी आणि दहावीशी

पालकसभेत हमखास येणारं वाक्य : "बाई, अवांतर वाचतो, अभ्यास करत नाही." त्यांच्याशी वाद घालू नका. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत न शिकवलेला, म्हणजे अपठित उतारा असतो, हे दाखवा. जो रोज नवा मजकूर वाचतो तो तिथे घाबरत नाही. हे खरं आहे आणि पालकांना पटतं. वाचनाचं खरं कारण ते नाही, पण सभेला तेवढं पुरतं.

त्यांच्याकडे मागणी छोटी करा. 'घरात वाचनाचं वातावरण ठेवा' हे दहा बाय बारामध्ये सहा जण राहणाऱ्या आईला सांगणं क्रूरपणाचं आहे. त्यापेक्षा तिला सांगा : रात्री पोळ्या करताना मुलाला दोन पानं वाचून दाखवायला सांगा, चुका काढू नका. अक्षर न येणारी आईसुद्धा ऐकू शकते, आणि ऐकणारं कोणी असलं की मूल वाचतं. मोबाइल काढून घेऊन पुस्तक हातात देऊ नका. तसं केलं की पुस्तक म्हणजे शिक्षा ठरते.

घरात जागा नसेल तर सोसायटीचं ऑफिस, नाहीतर गणेशोत्सव मंडळाची खोली संध्याकाळी तासभर मागून बघा. आमच्या भागातल्या एका मंडळानं खोली दिली, वर पंखाही लावून दिला.

दहावीला मी पेटी ठेवते, तास घेत नाही. डिसेंबरनंतर ती पेटी जवळजवळ हलत नाही. पण पूर्व परीक्षेच्या दिवसांत एखादी मुलगी हळूच येऊन विचारते, "बाई, काहीतरी हलकं आहे का?" तिच्यासाठी ती असते.

मोजायचं काय

किती पुस्तकं वाचली, याचा तक्ता भिंतीवर लावू नका. पहिले तिघं पळत सुटतात आणि बाकीचे पंचेचाळीस शर्यत सोडतात. मी देवघेवीच्या वहीतून एकच गोष्ट महिन्याला काढते : किती मुलांनी दुसरं पुस्तक नेलं. पहिलं पुस्तक बाईंच्या भिडेखातर नेलं जातं. दुसरं नेलं म्हणजे काहीतरी लागू पडलं. ज्यांच्या हजेरी क्रमांकापुढे दुसरी नोंद नाही, त्यांचे जूनमधले कागद पुन्हा काढायचे, ते मोबाइलवर काय बघतात ते वाचायचं आणि एक पुस्तक शोधून थेट त्यांच्या बाकावर ठेवायचं. "हे वाचून सांग रे, पेटीत ठेवण्यासारखं आहे का, मला कळत नाहीये." असं खरोखर अडल्यासारखं विचारलं तर दहातले चार-पाच वाचतात.

मे

सुट्टीत क्रेट कुलपात ठेवायचे नाहीत. शेवटच्या दिवशी ते रिकामे करून टाका, प्रत्येकाला हवी तितकी पुस्तकं न्यायला सांगा. आमची बरीचशी पोरं मे महिन्यात कोकणात गावी जातात, तिथे दुपारी रेंज नसते आणि मोठी माणसं झोपलेली असतात. इतकी चांगली वाचनवेळ ठाण्यात वर्षभर मिळत नाही.

जूनमध्ये पुस्तकं परत येतात ती फुगलेली, दमट, कोपरे दुमडलेली. वर्तमानपत्रावर उभी करून पंख्याखाली दोन दिवस वाळवा, पानांत कडुलिंबाचा सुका पाला घाला. काही पानांवर आंब्याच्या रसाचे डाग असतील. साठा पडताळणीच्या तक्त्यात 'स्थिती' असा रकाना असतो. त्यात मी 'चांगली' लिहिते.